मागचा टायर गोटा झालाय, आता कुठला टाकू?

पत्र असं आहे: "दादा नमस्कार, मी कोल्हापूरची, शाळेत शिकवते. २०२१ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटरसायकल माझी स्वतःची आहे, २१ हजार किलोमीटर झालेत, टायर अजून गाडीबरोबर आलेलेच. मागचा मधोमध सपाट झालाय, पुढचा अजून चांगला दिसतो. गणपतीला मी आणि नवरा फोंडा घाटातून मालवणला जातो, मी चालवते तो मागे बसतो. डिसेंबरात हंपी ठरलंय आणि पुढच्या वर्षी स्पितीचं डोक्यात आहे. रायडिंग ग्रुपमधले म्हणतात मागे १४० टाका, एक जण म्हणतो बटन टायरच घ्या म्हणजे स्पितीलाही चालेल, एक जण म्हणतो ट्यूबलेस करून टाका. दुकानदाराकडे आपल्याच साइझचा टायर आहे पण जुना स्टॉक, दीड हजार कमी करतो म्हणाला. त्यावरच्या आकड्यांचा आणि माझ्या टायरचे फोटो पाठवतेय, आकड्यांच्या शेवटी ०९२२ आहे. आणि दुकानात गेलं की सगळे नवऱ्याशीच बोलतात. पुढचाही बदलायचा का? काय करू?"

ताई, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं, फोटो मोठे करून बघितले. आधी सरळ उत्तर देतो म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. दोन्ही टायर बदला, साइझ आहे तीच ठेवा, मातीपेक्षा डांबराला जास्त सोयीचा पॅटर्न घ्या, ०९२२ वाला घेऊ नका, आणि ट्यूब व रिम टेप (रिमच्या आतून स्पोकच्या टोकांवर बसते ती पट्टी) दोन्ही नवीन. आणि हे गणपतीच्या आदल्या दिवशी नाही, आत्ता दोनतीन आठवडे हातात असतानाच करा.

आता का ते सांगतो. तुमचा मागचा टायर मधोमध सपाट झालाय कारण तुमचं बरंचसं रनिंग हायवेला सरळ झालंय, पुण्याला जा बेळगावला जा, टायरचा मधला चार बोटांचा पट्टाच घासत राहतो आणि कडा तशाच उंच राहतात. असा टायर सरळ रस्त्याला काही बोलत नाही. घाटात वळणावर गाडी आडवी करायला लागलं की आधी ती आडवी व्हायला तयार नसते, जोर लावावा लागतो, आणि मग सपाट भाग संपून कडेवर आली की एकदम पडल्यासारखी आत जाते. तुम्हाला हे जाणवलं असणार पण रोजचीच गाडी असल्यामुळे हात आपोआप जुळवून घेतात आणि कळत नाही. कोरड्यात निभावतं. पण फोंडा घाटात श्रावण-भाद्रपदात रस्त्यावर झाडाचा पाला असतो, कडेला शेवाळ धरलेलं असतं, खाली उतरल्यावर जांभ्याची लाल माती पावसाबरोबर डांबरावर वाहून आलेली असते, तिथे त्या एका कडेवर दोन माणसांचा भार टाकून वळायचं हे मला पटत नाही.

किती झिजला की बदलायचा याला कायद्यात आकडा आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीला खाचेची खोली निदान ०.८ मिलिमीटर हवी असं आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, त्या रेषेत वर खाचेत बघितलं की रबराचा लहानसा उंचवटा दिसतो, टायर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आला की संपला. तुमच्या फोटोत मधे तो जवळपास बरोबरीला आलाय. पण मी स्वतः ०.८ पर्यंत थांबत नाही, कोकणात पावसात जायचं असेल तर दोन मिलिमीटर राहिले की टायर गेला असं धरतो, कारण पाणी बाहेर टाकायचं काम त्या खाचाच करतात आणि खाचच उरली नाही तर पाणी टायरखालीच राहतं आणि गाडी पाण्यावर चालते, डांबरावर नाही.

पुढच्याबद्दल. तो चांगला दिसतो कारण खाचा शिल्लक आहेत, पण त्याचं वय बघा. गाडी २०२१ ची म्हणजे टायर २०२१ चा किंवा त्याच्याही आधीचा, म्हणजे पाच वर्षं झाली. कोल्हापुरातलं ऊन, शाळेच्या आवारात दिवसभर उघड्यावर उभी गाडी. रबर सुकत जातं, कडक होतं. घरी एक करून बघा, पुढच्या टायरच्या गुटक्यावर, म्हणजे खाचांमधल्या रबराच्या उंच तुकड्यावर, अंगठ्याचं नख दाबा आणि मग ओळखीच्या कुणाच्या नव्या टायरवर तसंच दाबा, फरक बोटाला कळेल. मग गुटक्यांच्या मुळाशी बघा, खाचेच्या तळात, तिथे केसासारख्या बारीक चिरा दिसतील. तुमच्या तिसऱ्या फोटोत मला त्या दिसल्या, डाव्या बाजूला व्हॉल्व्हच्या थोडं वर. ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबवायचं मोठं काम पुढचाच टायर करतो. मागचा घसरला तर बऱ्याचदा सावरता येतो, पुढचा घसरला की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून दोन्ही. खर्च एकदम येतो हे मान्य, पण यावर्षी पॅनियर (सामानाच्या बाजूच्या पेट्या) नको, जॅकेट नवीन नको, टायर घ्या.

आता ते १४० प्रकरण. तुमच्या मागच्या टायरवर १२०/९०-१७ आणि त्याच ओळीत नंतर ६४एस असं लिहिलेलं आहे. १२० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ९० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ९० टक्के म्हणजे १०८ मिलिमीटर, १७ म्हणजे रिम इंचात. ६४ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ तो टायर २८० किलो पेलतो, आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. तुमची गाडी १९९ किलोची, तुम्ही दोघं आणि सामान धरून दीडशे, म्हणजे सगळं मिळून साडेतीनशेच्या घरात आणि त्यातला जास्त भार मागे. म्हणजे २८० हा काही उगाच लिहिलेला आकडा नाही, स्वस्तातला कमी नंबरवाला टायर कोणी बसतो म्हणून दाखवला तर हा ६४ आधी बघायचा, त्याच्या खाली जायचं नाही.

ग्रुपमधले सांगतात तो १४०/८० टाकला तर उंची फार बदलत नाही, हिशोब केला तर व्यास साधारण ६४८ चा ६५६ मिलिमीटर होतो, आठच मिलिमीटर. अडचण उंचीची नाहीच, रिमची आहे. रिम १२० साठी बनवलेली अरुंद आहे, तिच्यावर रुंद टायर चढवला की दोन्ही बाजूंनी आत ओढला जातो आणि वरून फुगतो, आकार कंपनीने ठरवला तसा राहत नाही, म्हणजे जास्त रबर रस्त्याला लागावं म्हणून टाकलं आणि लागतं कदाचित तेवढंच. शिवाय टायरचं वजन वाढतं, चेनच्या बाजूची जागा कमी होते, पावसात चिखल तिथेच अडकतो, आणि गाडी वळायला जड होते. उभी गाडी मागून भारी दिसते यात वाद नाही. पण तुम्ही तिच्यावर बसून पुढे बघत जाणार आहात. कंपनीची साइझ ठेवा. पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७.

एक बारीक गोष्ट, आकड्यांच्या मधे नुसती रेघ आहे का आर आहे ते बघा. आर म्हणजे रेडियल, आतल्या धाग्यांचे थर सरळ आडवे असलेला; बायसमध्ये ते तिरके असतात. तुमची गाडी साध्या बायस टायरवर आलेली आहे, एक टायर रेडियल आणि एक बायस अशी जोडी करू नका, दोघांचं वागणं वेगळं असतं. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे घेतले तर हा प्रश्नच येत नाही.

बटन टायर. मला बटन टायर आवडतात, नाही म्हणणार नाही, मातीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तुमचं वर्ष काढून बघा. शाळेत जाणं-येणं डांबर, मालवण डांबर, हंपी म्हणजे बेळगाव हुबळी गदग कोप्पळ होस्पेट सगळं डांबर. शंभरातले पंच्याण्णव किलोमीटर डांबर. बटन टायरचे गुटके मोठे आणि एकमेकांपासून दूर दूर असतात, ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं, ब्रेक मारला की गुटके वाकतात, आणि हायवेला ते पटापट झिजतात वर आवाज. स्पितीचं म्हणाल तर कोल्हापुरातून चंदीगडपर्यंतच दोन हजारांच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे ज्या रस्त्यासाठी टायर घेतला तो यायच्या आधीच त्याची धार गेलेली असते. स्पिती पुढच्या वर्षी आहे ना, मग त्याचा टायर पुढच्या वर्षी बघू, तेव्हा गाडी रेल्वेने पाठवायची का चालवत न्यायची ते ठरलं की परत लिहा. किन्नौरच्या बाजूने जाणार असाल तर बराच रस्ता मी सांगतोय तसल्या डांबराच्या टायरवरच निघतो, कुंझुम खिंड उतरून बातल ते ग्राम्फू हा दगडगोट्यांचा आणि नाल्यांचा पट्टा वेगळा.

कंपनी कुठली विचाराल. तुमच्या साइझमध्ये सिएटचा ग्रिप एक्सएल आहे जो तुमच्या गाडीवर आला होता, अपोलोचा ट्रॅम्पलर आहे, रीझचे आहेत, मेट्झेलर टुरन्सही या मापात येतो. बाहेरून येणारे टायर हल्ली सहज का मिळत नाहीत तर जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात मोकळी ठेवली नाही, परवाना लागतो, त्यामुळे ते आले तर थोडे येतात आणि कधी जुने येतात. म्हणून त्यांच्या मागे धावत बसू नका. देशातल्या चांगल्या कंपनीचा, मधल्या भागात गुटके जवळजवळ असलेला आणि पाणी बाहेर जायला कडेपर्यंत खाचा असलेला, ताजा टायर हा त्या नावाजलेल्या पण चार वर्षं गोदामात पडलेल्या टायरपेक्षा तुमच्या कामाचा आहे.

इथेच ०९२२ येतं. टायरच्या भिंतीवर डीओटी अशा अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ०९२२ म्हणजे २०२२ चा नववा आठवडा, फेब्रुवारीअखेर मार्चची सुरुवात. चार वर्षं उलटून गेली. दुकानदार खोटं बोलत नाहीये, जुना स्टॉक म्हणून सांगतोय आणि कमी पण करतोय, माणूस प्रामाणिक वाटतो. टायर अंधारात, गार जागी, उभा ठेवला असेल तर वापरता येण्यासारखाही असेल. पण तुमचं रनिंग बघा, पाच वर्षांत २१ हजार, म्हणजे वर्षाला चार हजाराच्या थोडं वर. तुमच्याकडे टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. तुम्ही तो आणखी चारपाच वर्षं वापरणार, म्हणजे शेवटच्या दोन पावसाळ्यांत तो आठ-नऊ वर्षांचा असेल. वर्षाला पंधरा हजार पळवणारा कोणी असता तर मी म्हटलं असतं घे, वर्षात संपेल. तुम्हाला नाही म्हणतो. सहा महिन्यांच्या आतला मागा, तो नसेल तर मागवून द्या म्हणा, आठ दिवस थांबा. आयएसआयचा छाप बघून घ्या. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचा नंबर लिहून घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, जुन्या छापील किमतीवरून भाव सांगत असतील तर तेवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ट्यूबलेसचं थोडक्यात. तुमच्या रिमला स्पोक आहेत, प्रत्येक स्पोकच्या जागी रिमला भोक आहे, म्हणून ट्यूब. ती भोकं सीलंटने बुजवून ट्यूबलेस करणारे लोक आहेत आणि काहींचं वर्षानुवर्षं चालतंही. पण खऱ्या ट्यूबलेस रिमला आतून एक उंचवटा असतो, हवा गेली तरी टायरची रिममध्ये बसणारी कड त्या उंचवट्याला अडकून जागेवर राहते. ट्यूबवाल्या रिमला तो तसा असेलच असं नाही, मग हवा गेली की कड सरकून आत पडते आणि दोन माणसं घेऊन घाटात असाल तर ते फार वाईट. ट्यूबच ठेवा. टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी आत ट्यूब घालून तो तुमच्या रिमवर चालतो, फक्त त्याची कड घट्ट असते, रस्त्यात उघडायला जरा जोर लागतो.

आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहितोय ते, फिटिंग. टायर निवडायला लोक महिना घालवतात आणि बसवताना चहाला जातात. आठेक वर्षांपूर्वी मी मागचा टायर नवीन टाकला, चांगला, महागातला. बसवणाऱ्याने जुनीच ट्यूब घातली आणि रिम टेप न बदलता तशीच ठेवली, मी बघितलं नाही. दाजीपूरच्या पुढे जंगलात, पाऊस लागलेला, संध्याकाळचे सहा, मागून गाडी एकदम डोलायला लागली. बायको मागे होती. थांबलो, चाक खोललं, तर ती टेप एका बाजूला सरकलेली आणि स्पोकचं टोक ट्यूबला घासून घासून भोक पडलेलं. टायरला काही झालं नव्हतं. अंधार पडला, गव्यांचा भाग, पुढे दोन तासांनी एका टेम्पोवाल्याने राधानगरीपर्यंत आणून सोडलं. ती बाई त्या दोन तासांत एका शब्दाने बोलली नाही मला पण तिचा गारठलेला हात मला अजून आठवतो. तेव्हापासून मी चाकाशेजारी स्टूल टाकून बसतो.

तुम्हीही बसा. जुना टायर निघाला की आधी रिमच्या आतून बोट फिरवायला सांगा, कुठे गंज आलाय का, स्पोकचं टोक वर आलंय का. टेप नवीन. ट्यूब नवीन आणि त्याच मापाची. ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा भरून गोल करून घालतात म्हणजे ती पिळवटत नाही आणि लिव्हरखाली चिमटत नाही, हे तो करतोय का बघा. कडेला साबणाचं पाणी लावायचं, ऑइल किंवा ग्रीस नाही. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असतो तो पुढे जाणाऱ्या दिशेला आहे ना हे चाक गाडीत जायच्या आधी बघा. पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हपाशी आणतात. हवा भरताना टप्प टप्प असा आवाज येतो, तो झाला की टायरच्या बाजूला रिमला लागून एक बारीक गोल रेघ दिसते, ती चाकभर सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एके ठिकाणी आत गेली असेल तर हवा सोडून परत. आणि व्हॉल्व्ह सरळ उभा पाहिजे, रिमच्या मध्याकडे बघणारा. त्याच्यावरचं छोटं नट काही जण रिमला घट्ट आवळतात, तसं करायचं नाही, ते वर टोपीला टेकवून ठेवायचं, म्हणजे उद्या टायर रिमवर जरासा सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला तुम्हाला दिसेल आणि मुळातून तुटायच्या आधी कळेल. मागचं चाक निघालेलंच असतं तर बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर लागते का, आणि स्प्रॉकेटमागचे (चेनच्या दातेरी चक्रामागचे) रबर ढिले झालेत का. त्याला वेगळी मजुरी पडत नाही.

दुकानात सगळे नवऱ्याशी बोलतात म्हणालात. ताई, पहिल्याच वाक्याला त्यांना सांगा, पुढे नव्वद नव्वद एकवीस, मागे एकशेवीस नव्वद सतरा, चौसष्ट एस, सहा महिन्यांच्या आतली डेट, ट्यूब आणि टेप सकट. एवढं ऐकल्यावर समोरचा आपोआप तुमच्याकडे वळतो. नाही वळला तर दुसरं दुकान, कोल्हापुरात टायरच्या दुकानांना तोटा नाही. गाडी तुमची आहे, बिलावर नावही तुमचंच घाला.

बसवल्यावर नवा टायर वरून चकचकीत आणि गुळगुळीत असतो, लगेच ग्रिप देत नाही. पहिले दीडशे किलोमीटर जपून, जोराचा ब्रेक नाही, वळणावर एकदम आडवी नाही. घरून पन्हाळ्याला तीनचार वेळा जाऊन या, सकाळी, उघडीप बघून, दर वेळी थोडी थोडी जास्त झुकवत. म्हणूनच म्हटलं आत्ताच बदला, नवाकोरा टायर पहिल्यांदा फोंडा घाटात भिजवू नका.

हवेचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, एकट्याचा वेगळा आणि दोघांचा वेगळा, मालवणला जाताना दोघांचाच ठेवायचा. सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर गार असताना मोजायची, स्वतःचा छोटा गेज घ्या कारण पंपागणिक काटा वेगळा दाखवतो. पावसात हवा कमी ठेवा म्हणजे ग्रिप वाढते असं कोणी सांगेल, डांबरावर ते ऐकू नका, हवा कमी असली की टायर मधे दबतो आणि पाणी बाहेर टाकायला उलट कमी पडतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे नकोत, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे.

आणि पुढच्या चाकातून निघालेली जुनी ट्यूब दुकानात सोडून येऊ नका. घरी हवा भरून पाण्याच्या बादलीत फिरवून बघा, बुडबुडा नसेल तर पुसून, कोरडी करून, टाल्कम पावडर लावून घडी घाला आणि जुन्या सुती कापडात गुंडाळून सामानात ठेवा, पान्यांपासून लांब, नाहीतर घासून तिथेच भोक पडतं. एकवीसची ट्यूब अडल्यावेळी मागच्या सतरालाही घडी मारून बसते आणि कणकवलीपर्यंत नेऊन सोडते, सतराची मात्र एकवीसला चालत नाही. म्हणून एकच न्यायची तर पुढची न्या.